फियाटचं नाक

७ जानेवारी १९८५

कळंबच्या शाळेचे हेडमास्तर स्वतः येऊन गेले. आठवी ते दहावीला विज्ञान शिकवायला माणूस नाही. मुलं परीक्षानळीची आकृती सुरेख काढतात, पण परीक्षानळी कुणी हातात धरलेली नाही. जूनपासून मंगळवारी आणि शुक्रवारी मी येईन का, असं विचारत होते. मी हसले. बी.एस्सी. होऊन तेवीस वर्षं झाली. तेव्हापासून माझं रसायनशास्त्र दही विरजण्यापुरतं उरलं आहे. पण ते गेल्यावर कप विसळताना लक्षात आलं, की मनात मी पहिला धडा घेऊन मोकळीही झाले आहे.

लेक शैला पुण्याला हॉस्टेलवर गेल्यापासून हे घर दुपारचं फार मोठं होतं.

अडचण एकच. शाळा साडेसातला भरते आणि पहिली एस्टी कळंबला पोचते दहाला. आमची फियाट मिळाली तरच जमेल. लायसन्स आहे माझ्याकडे, सहा वर्षांपूर्वीचं, जवळजवळ कोरं.

हे खालापूरच्या कोर्टातून आले तेव्हा सांगितलं. वकिलाला नाही म्हणायला कारण लागतं, आणि ते यांना पाय धुता धुता सापडलं.

"अगं, गाडी लिटरला नऊ किलोमीटर जाते. मला कोर्टात नेऊन आणतानाच जीव खाते. वर कळंब? बारा देत असती तर मी एका शब्दाने बोललो नसतो."

"बारा दिले तर?"

"तर मंगळवार-शुक्रवार गाडी तुझी. मी एस्टीने जाईन खालापूरला."

"शब्द?"

"वकिलाचा."

"वकिलाचा नको. नवऱ्याचा द्या."

दिला. हसत हसत दिला. हेडमास्तरांना गुढीपाडव्यापर्यंत उत्तर कळवायचं आहे.

८ जानेवारी

धाऊच्या गॅरेजात गेले. मला गाडी चालवायला त्यानेच शिकवलं. धाऊची तपासणी म्हणजे इंजिन चालू करायचं, मागे जाऊन धुरासमोर तळहात धरायचा आणि मग तो हुंगायचा. हुंगून म्हणाला, "वैनी, गाडी बरी हाय. हिच्यात काय नाय."

"मग नऊच का जाते?"

त्याने कानामागची पेन्सिल काढली, तिच्याकडे बघितलं, परत ठेवली. "ते सायबांना इचारा."

यांना विचारलं. म्हणाले, जुनं इंजिन, दुसरं काय!

धाऊ म्हणत होता, किलोमीटरच्या आकड्याची केबल तुटली आहे, अर्ध्या तासाचं काम आहे. तो आकडा तीन वर्षं एकाहत्तर हजार चारशे बत्तीसवर थांबला आहे. तेही यांना सांगितलं. "आकडा बघून काय करायचंय? कर्जत ते खालापूर बावीस, येताना बावीस. रस्त्यावर दगड रोवलेत ना!" बरोबरच आहे. नसता खर्च कशाला?

मधूला पत्र टाकलं. धाकटा भाऊ जर्मनीत मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर असून बहिणीच्या गाडीला उपयोग नसेल, तर त्याला राखी तरी का पाठवावी, असंही लिहिलं.

२५ जानेवारी

मधूचं उत्तर, सहा पानी. गणितात नापास होणारा हाच का तो!

तिकडे म्हणे गाडीच्या धुराच्या नळीत एक नाक बसवतात. इंजिनात जळून आलेल्या धुरात प्राणवायू उरला आहे का, एवढंच ते हुंगतं. प्राणवायू उरला असेल, तर पेट्रोल कमी पडलं. काहीच उरला नसेल, तर पेट्रोल जास्त झालं, वाया गेलं. नाकाची तार मीटरला जोडायची. काटा शून्याकडे गेला तर कमी, एकाकडे गेला तर जास्त, मध्यावर इकडून तिकडे डुलत राहिला तर बेत जमला. मला हे वाचून इतका आनंद झाला, की आमटी उतू गेली.

दोन प्रकारची नाकं मिळतात, कोणतं पाठवू, असं विचारतो. तीन तारांच्या नाकात आतच छोटी शेगडी असते, त्यामुळे ते नळीत कुठेही लांब बसवलं तरी चालतं. एका तारेच्या नाकाला स्वतःची ऊब नाही. नळी चुलीतल्या निखाऱ्यासारखी तापली, तरच ते तोंड उघडतं. ते इंजिनाजवळच बसवावं लागतं.

एका तारेचं मागवलं. आपली बॅटरी म्हातारी, तिच्यावर शेगडीचा भार कशाला? शिवाय, आग जिथे आहे तिथेच जाऊन बसणारं मला जवळचं वाटलं.

मधूने खाली एक ओळ लिहिली आहे: "तुमच्याकडच्या पेट्रोलात शिसं असतं, आणि शिसं म्हणजे या नाकाला विष. काही महिने टिकेल. तेवढ्यात काय ते करून घे, ताई."

१७ फेब्रुवारी

मधूचा एक मित्र मुंबईला आला होता, त्याच्याबरोबर नाक आणि मीटर आलं. धाऊने ते उलटंपालटं करून पाहिलं.

"ह्यो तर पलग हाय, वैनी."

"प्लगसारखं दिसतं. पण हे हुंगतं."

"काय हुंगतं?"

"प्राणवायू."

"त्याला तर वास नसतो म्हनतात. शाळंत आमाला मास्तरांनी हेच सांगितलंता." आणि वर, "जर्मनीला काय खरं वाटत नाय आमचं."

त्याचा तळहात दुखावला आहे हे मला कळलं. मी म्हटलं, धाऊ, तुझा तळहात धूर कसा आहे ते सांगतो, हे नाक किती ते सांगेल. दोघं मिळून काम करा. तो जरा निवळला.

नळीला भोक पाडून, पेचाची चकती वेल्ड करून नाक बसवलं. पण कुठे? तर सायलेन्सरच्या अलीकडे, सीटच्या खाली. तिथे हात सहज पोचतो, म्हणून. मीटर डॅशबोर्डवर सुतळीने बांधलं. कर्जतच्या पुलापर्यंत जाऊन आलो. काटा ढिम्म.

"झोपलंय," धाऊ म्हणाला. फार आनंदाने म्हणाला.

दोष नाकाचा नव्हताच. एवढ्या मागे येईतो धूर निवून गेलेला असतो. मी पत्रात वाचलं होतं आणि तरी सोय बघून गप्प बसले. माझंच चुकलं.

२३ फेब्रुवारी

दुसऱ्यांदा बसवलं. इंजिनाच्या चारही नळ्या जिथे एक होतात त्याच्या किंचित खाली, म्हणजे चारही सिलिंडरांचा धूर सारखा हुंगता येईल. पण धाऊने भोक नळीच्या बुडाला पाडलं. सकाळी गार नळीत जे पाणी साचतं ते सगळं नाकात. काटा दोनदा उसळला आणि पडला.

मी म्हटलं, "धाऊ, कौलाचं पन्हळ आपण उताराला लावतो ना? नाक वरून बसव, टोक जरा खाली झुकलेलं. पाणी आलं तरी वाहून जाईल."

"आदी सांगायचं ना मंग!"

आधी सांगितलं होतं. पण धाऊला बोलून काय उपयोग? तिसरं भोक पाडलं, आधीची दोन बुजवली. नळी आता बासरीसारखी दिसते.

२८ फेब्रुवारी

आज नाक बोललं!

यांच्याबरोबर खालापूरला गेले. केळवलीच्या अलीकडे नळी तापली आणि काटा हलला, मग मध्यावर असा डुलायला लागला की मला रडू येईल असं वाटलं. हे म्हणाले, "अगं, व्होल्टमीटर आहे तो, शैलाचं पाळण्यातलं हसू नव्हे." मी पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, खोपोली, खालापूर अशा सहा ठिकाणी काट्याची नोंद केली. इंजिन चालू ठेवूनच बघायचं असतं, आणि आमची फियाट उभी असली की अशी थरथरते की अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग झाली.

दिवसभर मावसबहिणीकडे बसले. परतताना गंमत झाली. खालापूरच्या फाट्यावर हे कर्जतच्या उलट बाजूला वळायला निघाले. मी ओरडले तेव्हा "विसरलो" म्हणाले. वीस वर्षांचा रस्ता! वय होतंय दोघांचं.

पेट्रोल मोजायची माझी रीत अशी. निघताना टाकी गळ्यापर्यंत भरायची, आल्यावर दुधाच्या जुन्या लिटरच्या मापाने पुन्हा गळ्यापर्यंत भरायची. जितकी मापं लागली तितकं गाडीने प्यायलं. आज पावणेचारही लागली नाहीत. चव्वेचाळीस किलोमीटर. म्हणजे बारा!

यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "एका दिवसावरून निकाल लागत नाही," म्हणाले. "मी एकटा जातो तेव्हाचं बघ."

खरं आहे. शास्त्रात एका प्रयोगाला किंमत नाही. यांची बुद्धी अशा वेळी दिसते.

१ मार्च

हे एकटे गेले. वही बरोबर दिली, सहा ठिकाणच्या नोंदी करा म्हटलं. संध्याकाळी वही मिळाली. काय नेटकं लिहिलंय! एकसारखं अक्षर, सहाही ठिकाणी "मध्यावर", खाली पट्टीने आखलेली रेघ. मला मेलीला इंजिन चालू असताना अशी रेघ जन्मात जमणार नाही.

आणि तरी मापं लागली पावणेपाच आणि वर एक वाटी. म्हणजे पुन्हा नऊच.

काटा म्हणतो पेट्रोल बरोबर आहे. टाकी म्हणते नाही. दोघांतलं कुणीतरी खोटं बोलतं आहे.

येताना यांनी खोपोलीच्या बाजारातून मरळ आणला. मोठा, दोन हात लागावे इतका. सातला घरी आले तरी मासा तोंड उघडमीट करत होता. बाजार कधीचा उठलेला असेल. वरच्या ओठाला भोकही होतं. हल्ली कसाही माल विकतात. पण चव अप्रतिम. हे दोनदा म्हणाले, "आहे की नाही ताजा?" स्वतः पकडल्यासारखे.

८ मार्च

दोनदा एकटे गेले, दोनदा नऊ. परवा मी बरोबर गेले तर बारा. तक्ते सगळे निर्दोष.

धाऊला विचारलं. तो म्हणाला, "वैनी, तुमी बसल्या की गाडी लाजते. बाईमानूस गाडीत असलं की कमी पिते, आमच्या दारुड्या लडकूसारकी."

"मस्करी नको. काय असेल?"

त्याने मागच्या टायरच्या खाचेत बोट घातलं आणि माझ्यापुढे धरलं. बोटाला वाळू. "ही बगा."

"मग? खोपोलीला कुठे बांधकाम चाललं असेल."

"आसंल," म्हणाला, आणि धाऊ एकदम खोकायला लागला. त्याच्या छातीला या धुराचा त्रास होत असणार. काढा करून पाठवायला हवा.

घरात बाकी एक चांगली गोष्ट घडते आहे. यांना बागकामाची आवड लागली आहे. कोर्टाच्या दिवशी पहाटे उठून मोरीमागचा ओला कोपरा खणतात. अजून लावलं मात्र काही नाही. माती डब्यात भरून घेऊन जातात, खालापूरला कुणी जाणता आहे त्याला दाखवायला. मी म्हटलं, माझ्या प्रयोगाचं वारं लागलं वाटतं तुम्हाला. तर ओशाळले. किती वर्षांनी ओशाळलेले पाहिले!

पाडव्याला चौदा दिवस उरले. आज कपाटातून जुनं रसायनशास्त्राचं पुस्तक काढलं होतं. परत ठेवलं.

१० मार्च

उत्तर सापडलं, आणि तेही जनीकडून!

जनी आमच्या खाचरात भाताच्या रोपांसाठी राब भाजत होती. शेण, पालापाचोळा, गवत, त्याच्यावर मातीचा थर, आणि मग वाऱ्याच्या उलट बाजूने विस्तव. मी बांधावर बसून बघत होते. मध्येच ती धावली आणि एका जागी ओंजळभर माती टाकून पायाने दाबली.

"काय झालं गं?"

"माती खचली हुती, बाय. भोक पडलं की वारा शिरतो."

"धूर तर सगळीकडे सारखाच दिसतोय."

"धुराचं काय ऐकता? वारा शिरला की धूर खोटं बोलतो. वरून गरीब गाय, आत भडका."

मी उठूनच उभी राहिले. नळीचा सांधा! सकाळी गाडी सुरू केली की पुढून चुटक्या वाजवल्यासारखा आवाज येतो. नाकाच्या अलीकडे सांधा फुटला असेल तर बाहेरची हवा आत शिरते, नाकाला आयता प्राणवायू मिळतो आणि ते म्हणतं सगळं ठीक आहे. आत मात्र पेट्रोलची उधळपट्टी! नाक खोटं बोलत नाही, त्याला फसवलं जातंय.

जनीला म्हटलं, तू माझी गुरू. ती म्हणाली, "मंग लुगडं घ्या की पाडव्याला."

११ मार्च, सोमवार

धाऊने सांधा उघडला. मधली गॅसकेट, म्हणजे सांधा बुजवणारी चकती, थोडी जळली होतीच! नवी पनवेलहून बुधवारी येईल. तोवर जुनीच उलटी करून लावली. नाक काजळीने भरलं होतं म्हणून ते काढून घेतलं, भोकाला बोल्ट लावला. नाक फडक्यात गुंडाळून मसाल्याच्या डब्यात ठेवलं आहे, जिऱ्याच्या वाटीत, म्हणजे कुठे पडायला नको. जिरं बाटलीत काढलं.

धाऊ म्हणत होता, "गॅसकेट टाका, पन नऊ ते नऊच ऱ्हानार." निराशावादी आहे.

हे उशिरा आले आणि जेवून झोपले. नाक काढल्याचं सांगायचं राहून गेलं.

१२ मार्च, मंगळवार

हे एकटे खालापूरला. मापं तीच, पावणेपाच आणि वाटी. पण नवी गॅसकेट आल्यावर बघू.

आजचा तक्ता आतापर्यंतचा सगळ्यात सुंदर आहे. पळसदरी, मध्यावर. केळवली, मध्यावर, किंचित डुलतो. लौजीला तर "मध्यावर, पण मनाने अस्थिर" असं लिहिलंय. काय निरीक्षण! मला इतके दिवस वाटायचं यांना माझ्या प्रयोगात रस नाही. आज तो तक्ता वाचून मन भरून आलं. उद्या वालाचं बिरडं करते यांच्यासाठी.

१३ मार्च

बिरड्याला जिरं हवं होतं. सवयीने डबाच उघडला.

नाक जिऱ्याच्या वाटीत होतं. सोमवारपासून तिथेच होतं.

मी बिरडं बाजूला ठेवलं. मग सगळी वही काढून बसले. थरथर न झालेली अक्षरं. पट्टीने आखलेली रेघ. टायरातली वाळू. फाट्यावरचं ते उलटं वळण. नऊ आणि बारा.

प्रामाणिकपणे लिहायचं म्हणून लिहिते: दुपारभर एक नको तो विचार मनात येऊन बसला होता. मी आरशातही पाहिलं. चव्वेचाळीस वर्षांची बाई आरशात काय शोधते हे लिहायची गरज नाही. मग मोरीमागचा खणलेला कोपरा आठवला. असल्या भानगडीसाठी पहाटे माती कोण खणेल? पण म्हणून बरं वाटलं असंही नाही.

हे आले. हातपाय धुऊन ओटीवर बसले. मी बिरड्याचं ताट आणलं नाही, वही आणली.

"काल लौजीच्या दगडापाशी काटा कुठे होता?"

"मध्यावर. लिहिलंय ना."

"स्वतः पाहिलात?"

"अर्थात."

"मनाने अस्थिर होता?"

"जरा होता."

"शपथेवर सांगता?"

तेव्हा यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. वीस वर्षं दुसऱ्यांची उलटतपासणी घेतली आहे. खड्डा कुठे आहे ते दिसत नसलं तरी वास येतोच. मी पाठीमागून मसाल्याचा डबा काढला, यांच्यापुढे ठेवला, झाकण उघडलं.

"हा साक्षीदार काल दिवसभर इथे होता. हळदीशेजारी."

यांनी नाक उचलून पाहिलं, परत वाटीत ठेवलं. मग म्हणाले, "मुदत हवी."

"मुदत नाही."

"मालती, मासे."

"काय मासे?"

"गळ टाकतो मी. खालापूरच्या पुढे सात किलोमीटरवर पाताळगंगेचा डोह आहे. धाऊचा मेहुणा गळ सांभाळतो तिथे. कोर्ट सुटलं की तासभर. तीन वर्षं झाली."

तीन वर्षं. किलोमीटरचा आकडा थांबून तीन वर्षं.

"मला का नाही सांगितलंत?"

"वकील चिखलात बसून गांडुळं ओवतो हे अशिलांना कळलं तर काय राहील? म्हणून सुरुवातीला कुणालाच सांगितलं नाही. आणि मग तुला सांगायची वेळ निघून गेली." डब्याचं झाकण हातात घेऊन म्हणाले, "दिवसभर माणसं माझ्यासमोर खोटं बोलतात. पाण्यापाशी कुणी बोलतच नाही. तिथून उठवत नाही."

"आणि मी इथे संध्याकाळी साडेपाचपासून रस्त्याकडे बघत असते."

मी हे ओरडून म्हटलं नाही. वस्तुस्थिती म्हणून म्हटलं.

"नळीला तीन भोकं पाडली मी. तीन! तुम्ही बघत होतात."

"दुसऱ्या भोकाला सांगणार होतो," हे म्हणाले. "पण तू इतकी खूश दिसत होतीस. खूप वर्षांनी."

यावर मला हसू आलं, आणि त्याचा मला फार राग आला. बिरडं वाढलं. पण अर्धंच.

१५ मार्च

नवी गॅसकेट, नाक जागेवर. मी चालवायला बसले, हे शेजारी वही घेऊन. खालापूर, तिथून उलट बाजूला डोहापर्यंत, आणि परत. सात जाताना, सात येताना. डोहाशी धाऊचा मेहुणा गजा उभा होता. मला पाहून त्याने गळ पाठीमागे लपवला. मग यांचा चेहरा पाहून हळूच पुढे धरला.

जागा सुंदर आहे. वाळू आमच्या टायरातलीच.

घरी येऊन टाकी भरली. पावणेपाच मापं आणि वर एक वाटी. पण किलोमीटर चव्वेचाळीस नव्हते, अठ्ठावन्न होते. भागाकार हे स्वतः करत होते. "बारा," म्हणाले, "आणि वर काही दाणे."

म्हणजे गाडी पहिल्यापासून बाराच देत होती. माझ्या नाकाने तिचं काहीही सुधारलं नाही. ते फक्त खरं बोललं.

निकाल मी दिला. मंगळवार-शुक्रवार गाडी माझी, एस्टी यांची. बुधवारी डोह, उघडपणे, जाताना सांगून. आणि बुधवारचा तक्ता लिहायचा, डोहासकट सात नोंदी, काटा बघून. हे म्हणाले, "अपील?" मी म्हटलं, डब्यापुढे करा.

धाऊला बिल विचारलं तर म्हणाला, "दोन भोकांचं घेतो. तिसरं आमच्याकडून."

२२ मार्च, गुढीपाडवा

हेडमास्तरांना पत्र टाकलं. जनीला लुगडं दिलं. तिने घडी मोडून पाहिली आणि म्हणाली, "राबानं बरंच दिलं यंदा."

२१ जून

दुसरा आठवडा. आज नववीत बरणीखाली मेणबत्ती विझवून दाखवली. मागच्या बाकावरून वाल्मिक नावाचा मुलगा म्हणाला, "बाई, आतला प्राणवायू संपला हे बरणीला कसं कळतं?" मी त्याला शाळेबाहेर उभ्या असलेल्या फियाटपाशी नेलं. मागोमाग सगळा वर्ग आला. तास वाया गेला असं हेडमास्तर म्हणाले. मला नाही वाटत.

हे एस्टीत उभ्याने गेले. दोन अशील भेटले, जागा दिली, फी दिली नाही.

९ ऑगस्ट

नाक मेलं. कळंबहून येताना काटा हळूहळू खाली आला आणि शून्यावर बसला. धाऊने खोलून दाखवलं. टोकावर शिशाची राखाडी पूड. मधूने म्हटलं होतं तसंच. मला अपेक्षेपेक्षा जास्त वाईट वाटलं. सहा महिने विष हुंगत होतं आणि शेवटपर्यंत खरं सांगत होतं.

यांना सांगितलं नाही. कारण असं आहे: गेले चार महिने हे बुधवारी आल्यावर आधी मीटरकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि आपणहून बोलायला लागतात. अर्धा तास जास्त बसलो. गजाने चहा दिला. पाण्यावर धीवर पक्षी पाहिला. एका साक्षीदाराबद्दल मनात शंका आहे. कुठून कुठे जातात! लग्नाला बावीस वर्षं झाली, एवढं सलग कधी बोलले नव्हते. यांना वाटतं, काट्याला सगळं कळतं. वाटू दे. "आज काटा काय म्हणतो?" विचारलं की मी भुवया उंचावते. तेवढं पुरतं.

नाक परत जागेवर बसवून घेतलं. धाऊला शपथ घातली आहे. धाऊ कुणाला सांगायचा नाही.

१५ ऑगस्ट

काल बुधवार. हे चिखलाने माखून आले. मासा नव्हता. मीटरकडे बघितलं नाही, सरळ मोरीत गेले. वही ओटीवर ठेवली होती.

सकाळी झेंडावंदनाला कळंबला निघण्याआधी वही उघडली. पट्टीची रेघ नाही. अक्षर इतकं थरथरलेलं, की चष्मा पुसून वाचावं लागलं.

पळसदरी: शून्य.
केळवली: शून्य.
डोळवली: शून्य.
लौजी: शून्य.
खोपोली: शून्य.
खालापूर: शून्य.
डोह: शून्य. एक तास वीस मिनिटं. एकच खवळा लागला, लहान होता, सोडला. तू असायला हवी होतीस.

खाली, आणखी थरथरत: "साक्षीदार मयत आहे. जबानी तरीही खरी आहे."

धाऊचं मी नंतर बघते. आधी साक्षीदाराला ठेवायला मसाल्याच्या डब्यातली जिऱ्याची वाटी रिकामी केली.